ब्लॉकचेनमध्ये मागे राहिलेल्या डेव्हलपर्सना मदत करायचीये, पण हॅकेथॉन सोडून काहीतरी सुचवा

नोडवाली (धागाकर्ती)

मंडळी, धागा जरा लांबणारे, वेळ असेल तरच वाचा.

आम्ही काही जण मिळून एक ओपन सोर्स टूल सांभाळतो, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारे छोटे प्रोग्राम) टेस्ट करणाऱ्यांसाठी. टीम छोटी. यंदा पहिल्यांदाच थोडा निधी मिळालाय आणि देणाऱ्यांची अट एकच, तो अशा डेव्हलपर्सवर खर्च व्हावा जे या क्षेत्रात फारसे दिसत नाहीत. म्हणजे बायका, अपंग, घरात पहिल्यांदाच शिकलेले, इंग्रजी कच्चं असलेले, निर्बंध लादलेल्या देशांतले, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे म्हणून सगळे झोपल्यावरच लॅपटॉप उघडणारे. यादी अजून वाढेल, आणि बरेच जण यातल्या दोन-तीन खान्यांत एकदमच बसतात.

टीममध्ये ठरत आलंय ते असं, की एक वीकेंड हॅकेथॉन (कोडिंगची स्पर्धा) घ्यायचं, जिंकणाऱ्यांना बक्षीस, काहींना एखाद्या कॉन्फरन्सचं तिकीट, टी-शर्ट, स्टिकर, फोटो, झालं काम. मला हे काही केल्या पटत नाहीये पण बदल्यात काय करायचं तेही ठामपणे मांडता येत नाहीये. गिटहबने (कोड ठेवायची साइट) २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा सर्व्हे केला होता, त्यात ९५ टक्के पुरुष आणि ३ टक्के बायका निघाल्या. हॅकेथॉन तेव्हाही ढिगाने होत होती की! त्यांची टंचाई कधीच नव्हती.

ज्यांनी स्वतः धडपड केलीये किंवा दुसऱ्या कुणाला हात दिलाय त्यांनी लिहा. कोरडा सल्लाही चालेल.

शंकासुर

वाईट वाटून घेऊ नका पण मुळात हे वेगळं करायचंच कशाला? ब्लॉकचेन म्हणजे कुणाची परवानगी न मागता येण्याची जागा. बिटकॉइन काढणारा सातोशी कोण होता की होती की चार जण होते हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, तरी ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला आणि अजून चालतंय. इथे कोडला चेहरा नसतो. टोपणनाव घ्या, चांगला कोड टाका, मर्ज होईल, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतला जाईल. वेगळा निधी, वेगळी रांग काढली की उलट त्या लोकांवरच "कोट्यातून आलेले" असा शिक्का बसतो. मला वाटतं शिकायचं साहित्य फुकट द्या आणि बाजूला व्हा.

मर्जकॉन्फ्लिक्ट

शंकासुरा, नेटवर्कला परवानगी लागत नाही हे शंभर टक्के खरं, पण नेटवर्क वापरणं वेगळं आणि त्याचा कोड बदलणाऱ्यांच्या घोळक्यात शिरणं वेगळं. घोळका माणसांचाच असतो, आणि माणसं ओळखीच्यांना आधी उत्तर देतात.

पुरुष आणि बायकांचे पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल) किती स्वीकारले जातात यावर २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. एकूणात बायकांचे जास्त स्वीकारले गेले, साधारण ७८-७९ टक्के, पुरुषांचे ७४-७५. पण जे त्या प्रोजेक्टला नवखे, बाहेरून आलेले होते त्यांच्यात प्रोफाइलवरून बाई आहे हे कळत असेल तर आकडा पुरुषांच्या खाली घसरला, कळत नसेल तर वर राहिला. मग चेहरा नसतो म्हणणार का?

टोपणनावाचं म्हणशील तर ते पैसे हातात येईपर्यंतच. ऑडिट स्पर्धा (कोडमधल्या चुका शोधायच्या) जिंका, बग बाउंटी (चूक दाखवल्याचं बक्षीस) मिळवा, बऱ्याच ठिकाणी शेवटी केवायसी आलंच, आणि तिथे पासपोर्ट कुठला हे बघतात. शिवाय टोपणनावाला कुणी नोकरीसाठी शिफारसपत्र देत नाही. ज्याच्याकडे आधीच नोकरी, बचत, ओळखी आहेत त्याला टोपणनाव म्हणजे चैन आहे.

आणि बिटकॉइन कोअरमध्ये (बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर) मेंटेनर, म्हणजे बदल शेवटी कोडमध्ये घेणारी, म्हणून जाहीरपणे माहीत असलेली पहिली बाई कधी आली? ग्लोरिया झाओ, २०२२. पहिल्या ब्लॉकनंतर तेरा वर्षांनी. तिचं काम मेमपूलवरचं (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणारे व्यवहार थांबतात ती जागा), म्हणजे चांगलंच किचकट, आणि तिला ब्रिंक या बिटकॉइन डेव्हलपर्सना पैसे देणाऱ्या संस्थेकडून पूर्णवेळ पैसे मिळत होते हे विसरू नकोस. नुसतं फुकट साहित्य वाचून कुणी तिथवर पोचत नाही.

गॅसफी_जास्त

मर्जकॉन्फ्लिक्टला +१.

मी एकदम खालच्या पायरीबद्दल लिहितो, कारण मोठ्या गप्पांमध्ये ती कुणालाच दिसत नाही. नवीन पोरगं किंवा पोरगी सॉलिडिटी (स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची भाषा) शिकते, कॉन्ट्रॅक्ट लिहिते, ट्युटोरियल म्हणतं आता सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियमच्या सरावाच्या नेटवर्कवर) डिप्लॉय करा. त्याला टेस्ट इथर लागतं. टेस्ट इथरची किंमत शून्य. ते आणायला फॉसेटवर (फुकट टेस्ट इथर वाटणाऱ्या साइटवर) जावं तर बरेच फॉसेट सांगतात आधी तुमच्या मेननेट (खऱ्या नेटवर्कवरच्या) पाकिटात थोडं खरं इथर दाखवा. बॉटनी लूट करू नये म्हणून असं केलंय, कारण समजू शकतो, पण परिणाम बघा. खोटे पैसे मिळवायला खरे पैसे पाहिजेत, आणि खरे घ्यायला एक्स्चेंजवर खातं पाहिजे, खात्याला कागदपत्रं आणि वयाची अट, आणि काही देशांत तर एक्स्चेंजच नाही. पहिल्या संध्याकाळीच पोरगी बाहेर!

यावर उपाय आहेत पण ते सांगणारं कुणी भेटावं लागतं. रीमिक्स हे कोड लिहायचं टूल ब्राउझरमध्येच चालतं आणि त्यात आतल्या आत व्हीएम (नकली ब्लॉकचेन) आहे, इन्स्टॉल काही नाही. फाउंड्री हे टूल टाकलं तर त्यातलं अॅनव्हिल सुरू केल्या केल्या दहा खाती देतं, प्रत्येकात १०,००० टेस्ट इथर, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. बिटकॉइनवाल्यांना रेगटेस्ट (आपल्याच मशीनवरचं सरावाचं नेटवर्क) आहे, ब्लॉक स्वतःच काढा. कामाचा प्रूफ देऊन म्हणजे ब्राउझर चालू ठेवून इथर देणारा एक सेपोलिया फॉसेटही आहे, वेळ लागतो पण खिसा तपासत नाही.

आणि नोडवाली ताई, तुमच्या टोपणनावावरून आठवलं, नोड (नेटवर्कचा भाग म्हणून चालणारा कॉम्प्युटर) चालवा असं सहज सांगतात लोक. इथेरियमच्या पूर्ण नोडला आता दोन टीबीची चांगली एसएसडी धरूनच चालावं लागतं. बिटकॉइनचा नोड प्रून करून (जुने ब्लॉक पुसून) डिस्कवरचे ब्लॉक ५५० एमबीवर आणता येतात पण पहिल्यांदा अख्खी साखळी डाउनलोड करावीच लागते, मोबाइलच्या डेटावर करून दाखवा कुणी. निधीतून एक सर्व्हर घेऊन सगळ्यांना सामायिक आरपीसी (दुरून नोड वापरायचा दुवा) दिलात तर तेवढ्याच पैशाच्या टी-शर्टपेक्षा कैकपट कामाचं.

कानाने_वाचतो

मी अंध डेव्हलपर, स्क्रीन रीडरवर काम करतो. धाग्यात अपंग हा शब्द यादीत आलाय म्हणून लिहितोय, एरवी या विषयांवर वाचूनच सोडून देतो.

फॉसेटचं वर आलंच, त्यात माझी भर म्हणजे कॅप्चा. ट्रॅफिक लाइट असलेले चौकोन निवडा. त्यानंतर डिस्कॉर्ड, तिथे "या इमोजीवर क्लिक करून माणूस असल्याचं सिद्ध करा", आणि इमोजी चित्रात दिलेला. एका पाकिटात तर सीड फ्रेजचे (पाकिटाच्या चावीचे) बारा शब्द सरळ चित्र म्हणूनच येत होते, म्हणजे माझी सगळ्यात गुप्त गोष्ट मला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागणार. मी ते पाकीट काढूनच टाकलं. त्यांना इश्यू (तक्रार) टाकला, तो "कमी प्राधान्य" असं लेबल लावून अजून उघडाच आहे.

कोड लिहिणं त्या मानाने सोपं, टर्मिनल म्हणजे शेवटी मजकूरच. पण तिथेही बघा. फाउंड्रीचा ट्रेस (टेस्टमध्ये काय काय चाललं त्याची नोंद) झाडासारख्या रेषा काढून छापतो, डोळ्यांना छान दिसत असेल, माझ्या कानात सेटिंगनुसार प्रत्येक ओळीआधी रेषांची नावं वाजतात. त्यात पत्ता आला की चाळीस हेक्स अक्षरं एकेक करून. एका फेल झालेल्या टेस्टचा ट्रेस ऐकेपर्यंत आपण काय शोधत होतो तेच डोक्यातून जातं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीये, ती रेषा काढून टाकते, किती आत आहे ते आकड्यात सांगते आणि पत्त्यांना नाव देते, म्हणजे "दोन, टोकन, ट्रान्सफर, रिव्हर्ट". बस. एवढ्याने माझा दिवस निम्म्याने हलका झाला.

सांगायचा मुद्दा, तुमचं स्वतःचं टूल टेस्टिंगचं आहे ना? मग साधा मजकूर देणारा एक पर्याय त्यात टाका आणि ते काम करायला आमच्यातल्याच कुणालातरी पैसे द्या. कॉन्फरन्सच्या तिकिटाने मला एका अनोळखी हॉलमध्ये सोडणार, सोबत कोण येणार याचा खर्च कुणी धरलेला नसतो.

नोडवाली

कानाने_वाचतो, ट्रेसचं हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्या टूलमध्येही तशाच रेषा आहेत. ती स्क्रिप्ट कुठे ठेवलीये का? हवी असेल तर आमच्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) तुमच्या नावाने घ्यायला आवडेल, आणि फुकट नाही.

खटपट्या

सगळे हॅकेथॉनवर तुटून पडलेत म्हणून बाजू मांडतो. मला पहिली माणसं तिथेच भेटली. ऑनलाइन हॅकेथॉनला व्हिसा लागत नाही, डिग्री विचारत नाहीत, दोन-तीन आठवड्यांची असतील तर नोकरी सांभाळूनही जमतं. सरसकट मोडीत काढू नका.

हां, ४८ तास सलग जागून करायची जी असतात त्यांच्याबद्दल काही बोलायला नको. ज्याच्यावर घर अवलंबून नाही असाच माणूस दोन रात्री गायब होऊ शकतो. आणि जिंकलेल्या प्रोजेक्टचे रेपो नंतर उघडून बघा, शेवटचा कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) बहुतेक वेळा निकालाच्या दिवसाचा.

रांगेतला_रिव्ह्यूअर

मी एका प्रोटोकॉल क्लायंटवर (नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) रिव्ह्यू करतो, म्हणजे दुसऱ्यांचा कोड तपासतो (कुठल्या ते राहू दे). वर बरंच चांगलं आलंय पण माझ्या मते खरी गळती अजून कुणी धरली नाहीये.

माणूस येतो, स्पेलिंग दुरुस्तीचा किंवा एखाद्या टेस्टचा पहिला पीआर टाकतो, तो पटकन मर्ज होतो, सगळे हार्ट देतात. दुसरा पीआर जरा खरा असतो, चाळीस-पन्नास ओळींचा, काहीतरी वागणूक बदलणारा, आणि तो पडून राहतो. वाईट म्हणून नव्हे हो. रिव्ह्यू करणारे हातावर मोजण्याइतके आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पुढचा अपग्रेड. आठवडे जातात. मग कुणीतरी येऊन म्हणतो रीबेस कर, म्हणजे तुझा बदल आताच्या कोडवर परत बसव. तो करतो. परत शांतता. परत कॉन्फ्लिक्ट. ज्याची टीममध्ये ओळख आहे तो चॅटवर "अरे बघ ना जरा" म्हणतो आणि काम होतं. ज्याची नाही त्याला असं विचारणं उद्धटपणा वाटतो, विशेषतः जिला आयुष्यभर जास्त बोलू नकोस असंच ऐकवलंय तिला तर नक्कीच. ती समजते आपला कोडच वाईट असणार, आणि निघून जाते. कुठे नोंदही होत नाही, कारण पीआर सहा महिन्यांनी बॉट बंद करतो, "निष्क्रिय" म्हणून.

मागे एका नवख्या मुलीचा पीआर माझ्याकडे आला, पीअर स्कोअरिंगमध्ये (बाकीच्या नोडना गुण देणारा भाग) एक काउंटर ओव्हरफ्लो होऊ (मर्यादेबाहेर जाऊ) शकत होता तो तिने पकडला होता. बरोबर पकडलेला. आधीच्या रिव्ह्यूअरची एकच कॉमेंट, "हे प्रत्यक्षात होईल का?" बास. तिने त्याचा अर्थ "नको" असा घेतला आणि बंद करायला निघाली. मी लिहिलं की हा खरा प्रश्न आहे, नकार नाही, होऊ शकतं हे दाखवणारी टेस्ट लिही, ही अशी सुरू कर, अडलीस तर मला टॅग कर. तीन दिवसांत टेस्ट आली आणि मर्ज झालं. आता ती दुसऱ्यांचे पीआर रिव्ह्यू करते. मी काय केलं? अर्धा तास दिला आणि माझं नाव दिलं की हिला याच्याकडे जाता येईल.

म्हणून माझं म्हणणं, निधीतला मोठा हिस्सा रिव्ह्यू करणाऱ्याच्या वेळेला द्या. ऐकायला विचित्र वाटेल, मदत नवख्यांना करायची आणि पैसे जुन्यांना, पण ज्याला आठवड्यातले ठरावीक तास त्यासाठीच मिळतात तोच उत्तर देतो, बाकी सगळे "बघतो" म्हणतात. मेंटर म्हणून नाव लावून महिन्यातून एकदा कॉल घेणारे पुष्कळ आहेत, तसलं नको.

चांगली उदाहरणं बघायची तर बिटकॉइन कोअरचा पीआर रिव्ह्यू क्लब, २०१९ पासूनचा. एक पीआर आधी जाहीर करतात, प्रश्न देतात, मग आयआरसीवर (साधं मजकुराचं चॅट) लेखी चर्चा. कॅमेरा नाही, बोलून दाखवायचं दडपण नाही, इंग्रजी हळू असलं तरी चालतं, आणि जुने लॉग सगळ्यांना वाचायला खुले. कानाने_वाचतो यांनाही तो प्रकार सोयीचा पडावा. इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिपचंही एक आवडतं, निवड झाली नाही तरी काम सुरू करायला कुणी अडवत नाही.

मर्जकॉन्फ्लिक्ट

हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवा कुणीतरी.

पैशाचं_बोला

रिव्ह्यू मान्य, पण नवख्यालाही महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात हो. मी निधी वाटपात थोडं काम केलंय त्यावरून.

क्वाड्रॅटिक फंडिंग, ब्युटेरिन, हिट्झिग आणि वाइल यांचा २०१८ चा पेपर, गिटकॉइन या निधी वाटणाऱ्या प्लॅटफॉर्मने २०१९ पासून वापरलेलं. कल्पना सुंदर आहे, एकाने खूप देण्यापेक्षा खूप जणांनी थोडंथोडं दिलं तर मॅचिंग (सामायिक निधीतून वर मिळणारी भर) जास्त मिळतं. पण खूप जण कुणाला देतात? ज्याचे फॉलोअर्स जास्त त्याला. नवखा माणूस पंधरा दिवस कोड सोडून लोकांना मेसेज करत बसतो. ऑप्टिमिझम या ब्लॉकचेनचं मागाहून बक्षीस देणारं मॉडेल, २०२१ पासूनचं, त्यात आधी काम करून दाखवायचं, उपयोग झाला की पैसे. न्याय्य वाटतं, पण तोपर्यंत भाडं कोण भरणार? म्हणजे पुन्हा बचत असलेलेच.

याच्या उलट 'आउटरीची' नावाचा कार्यक्रम. ब्लॉकचेनचं नाही, एकूण ओपन सोर्सचं. घरून काम, तीन महिने, ७,००० डॉलर ठरलेले, आणि निवडीच्या आधी प्रोजेक्टवर छोटी छोटी कामं करून घेतात, त्यामुळे बायोडेटा किती चकचकीत आहे याला फार अर्थ उरत नाही. बिटकॉइनमध्ये बीट्रस्ट हा निधी आहे, २०२१ मध्ये ट्विटरवाला जॅक डॉर्सी आणि रॅपर जे-झी यांनी ५०० बिटकॉइन दिले, आफ्रिका आणि भारतावर भर ठेवून. त्यांनी २०२३ मध्ये काला हा आफ्रिकन इंजिनियर तयार करणारा कार्यक्रम आपल्यात घेतला, म्हणजे शिकवणं आणि पुढे अनुदान देणं एकाच छताखाली. हा जोड महत्त्वाचा, नाहीतर कोर्स संपतो आणि पोरं रस्त्यावर.

आणि पैसे पोचणार कसे ते आधी ठरवा. गिटहबने २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमिया इथल्या खात्यांवर बंधनं आणली होती, इराणसाठी परवाना मिळाला तो जानेवारी २०२१ मध्ये. मार्च २०२२ मध्ये इन्फुरा (नोडची सेवा देणारी कंपनी) हिच्या सेटिंगमधल्या चुकीने व्हेनेझुएलातल्या लोकांचं मेटामास्क हे पाकीट बंद पडलं होतं. सेन्सॉर होत नाही म्हणतो आपण, पण अधलीमधली दुकानं होतात. तुमच्या देणगीदाराच्या वकिलाला अर्ज मागवायच्या आधी विचारा, नाहीतर निवड करून मग सॉरी म्हणावं लागेल आणि ते फार वाईट.

शंकासुर

बरं, रिव्ह्यूचा मुद्दा मला पटला, तो तर सगळ्यांनाच लागू आहे. निधीला अजून पूर्ण हो म्हणत नाही. एक सांगा, खोटं बोलून घुसणारे कसे ओळखणार? एअरड्रॉपला (टोकन फुकट वाटतात तेव्हा) एकेक माणूस शंभर पाकिटं घेऊन येतो, इथे का येणार नाही? आणि पुरावा म्हणून प्रमाणपत्रं मागितली तर ती अजून वाईट.

पैशाचं_बोला

प्रमाणपत्र मागूच नका. आउटरीची लेखी विचारते की तुम्हाला काय अडचणी, काय भेदभाव आला, आणि त्यावर विश्वास ठेवते. शंभर पाकिटं काढणं सोपं, शंभर वेळा पन्नास ओळींचा पीआर लिहून रिव्ह्यूच्या प्रश्नांना उत्तरं देणं सोपं नाही. एखादा घुसलाच आणि त्याने तीन महिने मन लावून काम केलं तर तुमचं नुकसान काय झालं?

खटपट्या

हाहा, असा सिबिल (खोटी नावं घेऊन येणारा) मला रोज पाठवा.

शंकासुर

ठीक. मग निकाल मोजा तरी. किती जणांना घेतलं हा आकडा फोटोसारखाच बिनकामाचा. वर्षाने कितींचे पीआर येतायत, आणि किती जण दुसऱ्यांचे रिव्ह्यू करतायत ते जाहीर करा. तेवढं केलंत तर मी गप्प बसतो.

नोडवाली

शंकासुर, तो शेवटचा आकडा देणगीदाराच्या अहवालात घालते, तुमच्या टोपणनावासकट.

आज टीमशी बोलले. हॅकेथॉन रद्द, थोडी वादावादी झाली पण रद्द. तिकिटांचे पैसेही वळवले. सध्या ठरलंय ते असं, दोनच जण घ्यायचे, सहा महिने, दर महिन्याला ठरलेली रक्कम, आठवड्याला वीस तास आणि ते कधी करायचे ते त्यांनी ठरवायचं. प्रत्येकामागे एक रिव्ह्यूअर नावानिशी, त्याचे तासही निधीतून, आणि दोन कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, निदान "शुक्रवारी बघतो" एवढं तरी. अर्ज कुठल्याही भाषेत, भाषांतर आम्ही करून घेऊ. सगळ्या चर्चा लेखी. साध्या मजकुराचा पर्याय हे पहिलं काम, कानाने_वाचतो यांना आजच मेल केलाय. सामायिक आरपीसीचा खर्च काढतोय. निर्बंधांचं वकिलाकडे गेलंय, तिथून उत्तर आल्याशिवाय अर्ज उघडणार नाही.

अडलंय एकाच ठिकाणी. रिव्ह्यूअर आमच्याकडे एकच आहे ज्याच्याकडे संयम आहे, आणि तो मी नाही. बाहेरचा कुणी चालेल, मानधन आहे.

रांगेतला_रिव्ह्यूअर

मी एकाला घेऊ शकतो. सॉलिडिटी आणि रस्ट दोन्ही चालेल, फ्रंटएंड असेल तर मला विचारू नका. बुधवार-शनिवार तास देईन, पुढच्या अपग्रेडच्या दोन आठवड्यांत नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे त्या काळात दुसरं कुणी लावता येईल. मेल करतो.

गॅसफी_जास्त

ते दोन आठवडे मी धरतो.